बाई बाटली

आमच्या सोसायटीत नव्यानं राहायला आलेल्या एका गृहस्थांनी परवा जिन्यात विचारलं, "आपण कशातून रिटायर झालात?" मी म्हटलं, "दारूतून." ते एक पायरी मागे सरकले. मग मलाच त्यांची कीव आली आणि मी खुलासा केला, की लोकांना दारू सोडा म्हणून सांगत फिरणं ही माझी नोकरी होती. त्यावर त्यांचा चेहरा आणखीच उतरला. दारू विकणाऱ्याकडे बघून लोक निदान हसतात. सोडा म्हणणारी बाई दिसली, की ज्याला त्याला घरचं काहीतरी काम आठवतं.

या अंकाच्या संपादकांनी विचारलं, किती जणांची दारू सोडवलीत ते लिहाल का? नाही लिहिणार. सोडवलेली दारू सुटलेलीच राहिली का, हे कोण सांगणार? आमच्या धंद्यात माणसानं दारू सोडली की त्याची बायको निश्चिंत होते आणि आमची काळजी तिथून सुरू होते. लग्न आहे, हा पिणार. कुणी वारलंय, हा पिणार. पोरगी पास झाली, आता तर नक्कीच पिणार. जन्मभर मी दुसऱ्यांच्या आनंदाला घाबरत आले. माझ्या नवऱ्याला मधुमेह आहे आणि रक्तदाब मला आहे. डॉक्टर म्हणतात, तुमच्या रक्तदाबाचं कारण सापडत नाही. मला सापडलंय, पण ते गोळीनं जाणारं नाही.

आमच्या संस्थेचं ऑफिस सोलापुरात सात रस्त्याजवळ एका झेरॉक्सच्या दुकानावर होतं. संस्थापक आप्पा. निवृत्त मास्तर, खादीचा सदरा, आवाज असा की माईक नसला तरी चालावं. आप्पांचे शत्रू दोन, दारू आणि मांस. दोन्ही एकाच घरात नांदतात, एकाला बाहेर काढलं की दुसरं त्याला परत बोलावतं, असं त्यांचं मत होतं. त्यामुळे आमचं पत्रकही दुहेरी होतं. एका बाजूला आडवा पडलेला दारुडा आणि दुसऱ्या बाजूला डोळ्यांत पाणी असलेलं बकरं. ते बकरं आप्पांनी स्वतः काढलं होतं आणि ते थोडं आप्पांसारखंच दिसायचं, पण हे ऑफिसात कुणी बोलत नसे.

मी स्वतः जन्मापासून शाकाहारी, त्यामुळे मला त्या पत्रकात काही वावगं वाटलं नव्हतं. पहिली शंका काढली ती सात रस्त्यावरच्या एका रिक्षावाल्या चाचांनी. पत्रक दोन्हीकडून नीट वाचलं आणि म्हणाले, "मॅडम, मैं पीता नै, और गोश्त छोडता नै. आधा फाडके देव ना." मी हसले. आप्पांना सांगितलं, तर ते हसले नाहीत.

गिऱ्हाइकं एकेक नमुनेदार. वैरागच्या बाजारात आमची सभा असली की एक तात्या हटकून शपथ घ्यायला पुढे यायचे. शपथ घेणाऱ्याला टोपी, टॉवेल, नारळ देऊन सत्कार करायची आमची पद्धत होती. असा तिसरा सत्कार होताना मी त्यांना ओळखलं. म्हटलं, "तात्या, तुम्ही मागच्या खेपेलाच सोडली होती ना?" तात्या शांतपणे म्हणाले, "व्हय की. पर परत धरल्याबिगर परत सोडायची कशी?" टॉवेल घडी करून खांद्यावर टाकला आणि गेले.

अशा माणसांशी गाठ असल्यावर प्रत्येकाला काही ना काही परीक्षा शोधावी लागते. तोंडाचा वास घेण्यावर माझा विश्वास नव्हता. वेलदोडा, गुटखा, कच्चा कांदा, वास मारायला लोकांकडे शंभर वस्तू असतात आणि फोनवर तर वास येतच नाही. माझी परीक्षा एका शब्दाची. मी म्हणायची, "टेंभुर्णी म्हणा." आपल्या जिल्ह्यातलं हायवेवरचं गाव, सगळ्यांच्या तोंडातलं. आमच्याकडची माणसं त्याला टेंबुर्नी म्हणतात, तो काही दारूचा दोष नव्हे, ती आमची बोली. पण शेवटी जो 'र्नी' आहे ना, तिथं जीभ टाळूला लावून वळवावी लागते. घोटभर जरी पोटात असली तरी ती वळत नाही. टेंबुनी होतं, टेंबुई होतं. एकदा एका सरपंचांचं नुसतं टेंबू झालं होतं.

आता ज्या गावासाठी हे लिहायला बसले त्याकडे येते. गावाचं नाव लिहीत नाही. सांगोल्याच्या बाजूचं, दुष्काळी, मेंढरं-शेरडांवर जगणारं गाव. तिथून एक बाई एसटीनं आमच्या ऑफिसात आली. हौसाबाई. विटकं लुगडं, कपाळ मोकळं, खुर्ची दिली तरी खाली बसली.

"गावातलं दारूचं दुकान बंद करायचंय," ती म्हणाली. "आमचं मालक त्येच्यापायी गेलं. त्येंचं व्हायचं त्ये झालं. पर आता संतोष तितं थांबाय लागलाय."

संतोष तिचा एकुलता एक मुलगा. मित्राच्या पिकअप गाडीवर ड्रायव्हर होता, बाजारात शेळ्या-मेंढ्या पोचवायचा.

"रोज घेतो?" मी विचारलं.

"न्हाय अजून. पर येतावक्ताला गाडी तितं हुभी ऱ्हाती. बापाचं बी आदी असंच हुतं. आदी नुसतं थांबायचं." मग ती पहिल्यांदा माझ्या डोळ्यांकडे बघून म्हणाली, "एक दिला मॅडम. दुसरा द्याचा न्हाय."

बाहेरच्यांसाठी सांगते. गावातल्या बायकांनी मागणी केली तर दुकान बंद करण्यासाठी सरकार मतदान घेतं, फक्त बायकांचं. चिठ्ठीवर दोन बाटल्यांची चित्रं असतात. उभी बाटली म्हणजे दुकान चालू राहू द्या, आडवी म्हणजे बंद करा. सोपं वाटतं. पण खोच अशी, की पडलेल्या मतांची निम्मी पुरत नाहीत. यादीत जेवढ्या बायका असतील त्यांच्या निम्म्याहून जास्त आडव्या बाटलीला पडावी लागतात. म्हणजे जी बाई मतदानाला आलीच नाही ती काही न बोलता दुकानाच्या बाजूची झाली.

हौसाबाईनं उंबरे झिजवले, सह्या-अंगठे गोळा केले, तालुक्याला खेटे घातले. मतदानाची तारीख लागली आणि आम्ही दोघी कपाळाला हात लावून बसलो. ते दिवस असे, की निम्मी धनगरवस्ती मेंढरं घेऊन बाहेर गेलेली. पाऊसपाणी होईपर्यंत ती माणसं परत येत नाहीत. मेंढरांचा मोठा तळ होता टेंभुर्णीच्या पुढे, उसाच्या रानात. त्या बायका आल्या नाहीत तर गावातल्या एकूण एक बाईनं आडवी मारली तरी निम्मं गाठणं अवघड होतं.

म्हणून आम्ही तळावर गेलो. रिकाम्या रानात जाळी लावून मेंढरं बसवलेली, तीन दगडांच्या चुली पेटलेल्या, आणि एका चुलीपुढे गंगूआत्या. ही हौसाबाईची चुलत सासू. तळावरच्या बायका तिच्या शब्दाबाहेर नव्हत्या. आम्हाला बघून तिनं या बसा म्हटलं नाही. उशाखालून एक कागद काढला आणि माझ्यापुढे धरला. आमचंच पत्रक. बकऱ्याची बाजू वर.

"ह्ये तुमचं न्हवं?"

दारूच्या दुकानदारानं काहीही खोटं छापलं नव्हतं. त्यानं फक्त आमची पत्रकं गोळा करून, मागची बाजू पुढे करून, तळावर पोचवली होती. सोबत निरोप होता. आज बाटली बंद, उद्या बकरं बंद. मग तुमची मेंढरं घेणार कोण?

माझ्या पिशवीत तसलीच पत्रकं भरलेली होती. हौसाबाई माझ्याकडे बघत होती आणि तिला माझ्याकडून काय हवं होतं ते मला कळत होतं. तिला हवं होतं की मी म्हणावं, हे आमचं नव्हे.

"आत्या," मी म्हटलं, "कागद आमचाच. मी मटण खात नाही. आमचे आप्पा म्हणतात कुणीच खाऊ नये, आणि मीही गावोगाव ते सांगते. ते ऐकायचं की नाही ते तुमचं तुम्ही बघा. पण तुम्हाला जी चिठ्ठी मिळणार, तिच्यावर बकरं नाही. दोन बाटल्या आहेत, बाकी काही नाही."

गंगूआत्यानं चुलीतल्या निखाऱ्यांवर बाजूला ठेवलेल्या पातेल्याचं झाकण उचललं. आत मटण शिजत होतं. त्याच चुलीच्या तव्यावर ती भाकरी टाकत होती, कालवण हलवलेली पळी तिथंच टेकवलेली.

"खरं बोल्लीस," ती म्हणाली. "मग आता आमच्या तव्यावरची भाकरी खा."

वाचकांना यात काय विशेष वाटेल माहीत नाही. पण आमच्या घरी अंड्याचा चमचासुद्धा वेगळा नव्हता, कारण अंडंच नव्हतं. संस्थेच्या प्रचारकांना तर नियमच होता, मांस शिजतं त्या चुलीचं काही घ्यायचं नाही. भाकरीला तो वास होता. मी डोळे मिटले नाहीत, कारण सगळ्या बघत होत्या. मीठ-मिरचीशी ती भाकरी खाल्ली, सगळी, आणि वर पाणी प्याले.

गंगूआत्या माझ्याकडे बघत राहिली. मग बाकीच्या बायकांकडे वळून म्हणाली, "आता गं बाई! बाई बाटली!"

क्षणभर मला कळेना. मग बायका जाळीतली मेंढरं बिचकतील अशा हसायला लागल्या. बाई बाटली. बाटलीची चिठ्ठी घेऊन आलेली बाई आमच्या चुलीवर बाटली. मलाही हसू फुटलं आणि हसता हसता डोळ्यांत पाणी आलं. ते भाकरीचं होतं की मिरचीचं, मला अजून सांगता येत नाही.

मग मी चिठ्ठीचं चित्र काढून दाखवलं आणि विचारलं, "बंद करायचं तर शिक्का कुठं मारणार?"

गंगूआत्यानं एका क्षणात उभ्या बाटलीवर बोट ठेवलं.

"आत्या, ही तर चालू ठेवायची!"

"आँ? यष्टी हुभी ऱ्हायली म्हंजी थांबली की चालू झाली? हुभी म्हंजी बंद. आन ही आडवी क्येली की वतली. आडवी म्हंजी चालू."

मी गार पडले. बरोबरच होतं की तिचं. गाडी उभी केली म्हणजे थांबवली आणि बाटली आडवी केल्याशिवाय पेल्यात येत नाही. आम्ही गावात घसा कोरडा करून 'आडवी बाटली, आडवी बाटली' ओरडत होतो आणि किती जणींच्या डोक्यात ते उलटं बसलं असेल कुणास ठाऊक. मी समजवायला लागले, सरकारी भाषेत, आणि जितकं समजावलं तितका गोंधळ वाढला.

हौसाबाई पुढे आली आणि चित्रातल्या बाटलीवर बोट आपटून म्हणाली, "हिनं माज्या दाल्ल्याला आडवा पाडला. आता हिला आडवी पाडायची. ध्यानात ऱ्हाईल का?"

राहिलं. पुढचे दिवस गावात आणि तळावर तेवढं एकच वाक्य फिरलं. माझी सगळी भाषणं एकीकडे आणि ते एक वाक्य एकीकडे.

मतदानाच्या दिवशी तळावरच्या बायकांना आणायला टेम्पो ठरवला होता. टेम्पो आदल्या दिवशीच टेंभुर्णीला मुक्कामाला गेला होता, म्हणजे सकाळी खोळंबा नको. सकाळी शाळेपुढे रांग लागली आणि मी ड्रायव्हरला फोन लावला.

"निघालात का?"

"निगालो की म्याडम, ह्ये काय, निगालोच."

आवाज जरा जास्तच मोकळा वाटला. माझं मन शंकेखोर. म्हटलं, "कुठून निघालात?"

"टेंबु... टेंबुनीवरनं."

त्याला कुणी पाजली की त्याची त्यानं घेतली, ते पुढंही कळलं नाही. मी गंगूआत्याच्या नातवाच्या फोनवर ओरडून सांगितलं, त्या गाडीत एकही बाई बसता कामा नये. उसाच्या रानातून स्टँडपर्यंत चालत जाऊन, एवढ्या जणींनी एसटीच्या गाड्या बदलत येईपर्यंत मतदान संपलं असतं. दुसरी गाडी त्या घटकेला मिळेना. मी शाळेच्या भिंतीला टेकून उभी राहिले. एका दारुड्यामुळे दारूबंदी जाणार, हे दिसत होतं.

"संतोषला लावा," हौसाबाई म्हणाली.

संतोषची गाडी रिकामी होती. पण संतोष काल संध्याकाळी त्या दुकानापुढे दिसला होता, हे मला ठाऊक होतं आणि तिलाही. त्याला बोलावलं. आला. चोवीस-पंचवीसचा, केस विंचरलेले, नजर खाली.

मला विचारायचं होतं आणि आईसमोर विचारायचं नव्हतं. त्यानं चुकीचं उत्तर दिलं तर मतदान तर जाईलच, पण हौसाबाईला ते आज, इथं, सगळ्यांसमोर कळेल. एवढ्या बायकांचा जीव त्याच्या हातात द्यायचा होता. शेवटी तीच म्हणाली, "इचारा मॅडम. मला बी ऐकायचंय."

"संतोष, टेंभुर्णी म्हण."

त्यानं आईकडे बघितलं. त्याचे कान लाल झाले. मला वाटलं, संपलं.

"टेंबुर्नी," तो म्हणाला. "टेंबुर्नीला जाऊन टेंबुर्नीवरनं परत येतो. बास?"

र जागेवर, नी जागेवर. हौसाबाईनं पदर तोंडाला लावला आणि दुसरीकडे वळली.

तो गेला आणि मग माझ्या आयुष्यातला सगळ्यात लांब दिवस सुरू झाला. गावातल्या बायका येत होत्या, मत देत होत्या, घरी जात होत्या. मी रस्त्याकडे डोळे लावून. वाटेत किती ढाबे लागतात ते मला त्या दिवशी क्रमानं आठवत होतं. प्रत्येक ढाब्यापुढे मी मनातल्या मनात त्याची गाडी उभी करत होते आणि पुढे हाकलत होते. फोन लावला तर तो उचलेना. गाडी चालवताना उचलू नये हे मीच सगळ्यांना सांगत आलेले, पण तेव्हा ते सुचत नाही. मतदान संपायला थोडा वेळ राहिला, रांग संपली, शिपायानं फाटकाकडे बघायला सुरुवात केली. हौसाबाई फाटकाच्या मधोमध जाऊन उभी राहिली. ती तिथून हलल्याशिवाय फाटक लागणार नव्हतं.

तेवढ्यात धूळ उडवत पिकअप आली. मागच्या हौद्यात मेंढरं नेतात तशा दाटीनं बायका उभ्या, दांड्याला धरून, आणि पुढे संतोषच्या शेजारी गंगूआत्या. अंगाला लेंड्या चिकटलेल्या, डोक्यात भुसा. उतरल्या त्या सरळ रांगेला लागल्या. गंगूआत्या माझ्याजवळून जाताना म्हणाली, "हौसाचं प्वार गाडी लई हळू मारतंय. मी म्हनलं अजून दाब, तर म्हनतंय, न्हाय आत्या, आईनं भरवशावर धाडलंय."

मोजणीला आप्पाही सोलापूरहून आले होते. निम्म्याची रेघ ओलांडली तेव्हा आडवीच्या बाजूनं जास्तीची मतं इतकी थोडी होती, की ती एक पिकअप आली नसती तर दुकान आजही चालू असतं. बायकांनी गुलाल उधळला. आप्पा हार घालून घ्यायला पुढे झाले, तर हौसाबाईनं आनंदाच्या भरात माझा हात धरून त्यांना सांगितलं, "आप्पा, तुमच्या बाईनं आमच्या मटनाच्या तव्यावरची भाकर खाल्ली! आमची बाई बाटली!"

आप्पांचा चेहरा त्यांच्या पत्रकातल्या बकऱ्यासारखा झाला. सोलापूरपर्यंत गाडीत ते एक शब्द बोलले नाहीत. पुढच्या महिन्यापासून मला गावांच्या दौऱ्यावरून काढून ऑफिसात बसवलं. भांडले नाही. नियम त्यांचा होता आणि मोडला मी होता, जाणूनबुजून, आणि उद्या तो तवा पुन्हा पुढे आला तरी मोडीन. वाईट एवढंच वाटतं की आप्पांना मी कधी त्या तळावर नेऊ शकले नाही. गंगूआत्यासमोर त्यांची खरी परीक्षा झाली असती, आणि कदाचित तिचीही. आप्पा आता नाहीत. पत्रक मात्र नंतर दोन वेगळ्या कागदांवर छापायला लागले. त्याचं कारण त्यांनी कधी सांगितलं नाही.

आता कुणी म्हणेल, गावात दुकान बंद झालं, म्हणजे सगळं छान झालं. तसं होत नाही. प्यायचं असेल तो शेजारच्या गावात जातो. दुकान गेल्यावर संतोष सुटला असं हौसाबाईनं धरलं होतं. पण त्याच्या लग्नानंतर एकदा तो दोन दिवस गायब होता आणि तिसऱ्या दिवशी शेजारच्या गावच्या स्टँडवर सापडला. तेव्हा हौसाबाईनं मला फोन केला आणि काही न बोलता नुसती रडली. पुढं तो सावरला म्हणतात. मी 'म्हणतात' असंच लिहिते. आमच्या धंद्यात यापेक्षा जास्त खात्री देता येत नाही.

त्या मतदानाची तारीख आली की हौसाबाई दरवर्षी मला फोन करते. बोलणं तेवढंच. "मॅडम, बाटली आडवीच हाय." मी म्हणते, "राहू दे." आणि फोन ठेवते. त्या एका वाक्यावर माझं वर्ष निघतं.

यंदा फोन आला नाही. सकाळ गेली, दुपार गेली. नवरा म्हणाला, विसरली असेल. ती विसरणारी नव्हे. मी चार वेळा फोन हातात घेतला आणि खाली ठेवला, कारण विचारलं की कळतं, आणि मला कळायला नको होतं. शेवटी लावला. बराच वेळ वाजला. मग उचलला तो संतोषनं.

"हौसाबाई कुठायत?"

वारा होता, मागे काहीतरी ओरडत होतं, आवाज तुटत होता.

"आई... गेली मॅडम..."

मी पलंगाच्या कडेवर बसले. एवढी वर्षं ज्या फोनला घाबरत होते तो हाच, असं वाटलं. आणि मनात जे पहिलं आलं ते असं, की आता हा नक्की पिणार. आवाज जड आहे का, जीभ अडखळते का, मी ऐकत होते. बाई गेल्याचं कळत असताना मी ते ऐकत होते. सवयच अशी लागलीय.

"कधी गेली रे?"

"सकाळच्यालाच की. म्हातारीला दम कुटला? मी म्हनलं मी जातो, तर ऐकंना. तळावर कोकरं बगाय जातो म्हनली."

"कुठं?"

"आं?"

"कुठं गेली, संतोष?"

मग तो हसला. माझा प्रश्न त्यानं ओळखला होता.

"टेंबुर्नीला, मॅडम," तो म्हणाला, एकेक अक्षर सुटं करून. "फोन हितंच इसरून गेली. म्हनली हुती, मॅडमचा आला तर सांग, बाटली आडवीच हाय. परत म्हनू का?"

"म्हण," मी म्हटलं.

"टेंबुर्नी."